सड्यावरची जाळरेषा : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपल्यावर शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. वाडीत घरं एकतीस, त्यांतली अकरा बंद. उरलेल्या वीस घरांतून सतरा जण आले, म्हणजे पुष्कळच. विषय एकच होता. सड्यावरचं, म्हणजे वाडीवरच्या कातळी पठारावरचं, गवत यंदा कमरेच्या वर गेलंय आणि महिन्याभरात ते वाळून खडखडीत होईल.

ठरलं ते असं. वाडीच्या डोक्यावर, सड्याच्या कडेने, बंद चिरेखाणीपासून व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत), वणवा अडावा म्हणून गवत कापून साफ पट्टा काढायचा. वनखातं त्याला जाळरेषा म्हणतं, आमच्याकडे नुसता 'पट्टो'. वनरक्षक बैठकीला स्वतःहून आले होते. आमचा सडा खासगी मालकीचा. देवगड तालुक्यात बहुतेक सडे तसेच. त्यामुळे इथे जाळरेषा काढणं त्यांच्या कामात बसत नाही, तरी आले. पट्टा किती रुंद, यावर आम्ही दहा फुटांवर अडलो होतो, कारण मजुरी. त्यांनी एवढंच विचारलं, "पेटलेलं कुसळ वाऱ्यावर किती लांब जातं, ते कुणी पाहिलंय का?" सगळ्यांनीच पाहिलं होतं. वीस फुटांवर एकमत झालं.

वर्गणी घरटी पाचशे रुपये. बंद घरवाल्यांना मुंबईला फोन करायचा. नोंदवही माझ्याकडे.

२ फेब्रुवारी, रविवार

टेप धरून मोजणी केली. लांबी १,८४० मीटर. त्यातला सुमारे ४०० मीटर उघडा कातळ, तिथे पेटायला काहीच नाही, तेवढं काम वाचलं. ग्रासकटर दोन, कोयते अकरा, माणसं चौदा. दुपारी साडेबाराला ऊन सोसेना म्हणून थांबलो. २१० मीटर झालं.

कापलेलं गवत जागेवर सोडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं. पट्ट्यात वाळलं गवत पडलेलं असलं तर आगीला तो रस्ताच. थोडं गुरांना नेलं, थोडं आंब्याच्या आळ्यांत आच्छादन म्हणून घातलं. आता वाडीत गुरं उरलीत सतरा. मी लग्न होऊन आले तेव्हा दीडशेवर होती, आणि सड्यावर गवत एवढं वाढायला उरतच नसे. पातेराही (झाडांखालची गळलेली पानं) उरत नसे. बायका पहाटे हारे घेऊन जायच्या आणि काजूखाली झाडलेलं अंगण असावं तशी जमीन दिसायची. गॅस आला, बायकांची पाठ सुटली, ते चांगलंच झालं. पण तो पातेरा आता वीतभर जाडीचा तिथेच पडून असतो.

९ फेब्रुवारी, रविवार

१,०२० मीटर पूर्ण. आणि आज अडलो.

दक्षिणेकडे व्हाळाच्या अलीकडे १४० मीटरचा एक तुकडा आहे. सामायिक जमीन. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, त्यांतली चार माणसं वारलेली, त्यांचे वारस लागलेले नाहीत. एकही जण गावात राहत नाही. दोन घराण्यांत जुना वाद आहे आणि तिथली काडी जरी हलवली तरी 'तुम्ही आमच्या जमिनीत हक्क दाखवताय' म्हणून पत्र येतं, असा पूर्वीचा अनुभव. डोंबिवलीला एकांना फोन लावला. ते म्हणाले, "माझी ना नाही, पण बाकीच्यांना विचारा." नालासोपाऱ्याच्या एकांनी "शिमग्याला येतो तेव्हा बोलू" म्हणून फोन ठेवला.

तुकड्यात रानमोडीचं झुडपी तण माजलंय. डोक्याएवढी. फेब्रुवारीत ती वरून हिरवट दिसते, पण काडी मोडली की कट्‌कन तुटते. मी म्हटलं, विचारत बसू नका, कापून टाका. पोलीस पाटील म्हणाले, वाद झाला तर उद्या हीच माणसं आपल्याला शिमग्यात तोंड दाखवणार नाहीत. त्यांचंही खोटं नव्हतं. तो तुकडा सोडून पुढे गेलो.

१६ फेब्रुवारी, रविवार

वनखात्याचा आगीचा हंगाम कालपासून, १५ फेब्रुवारी ते १५ जून. पट्ट्याच्या कडेला राहिलेलं गवत आज पहाटे जाळून घेतलं. साडेपाचला सुरू, साडेसातला बंद. गवतावर दव असतं, मतलई वारा पूर्वेकडून अगदी हलका असतो, आणि आग माणसाच्या ताब्यात राहते. अकरानंतर वारा फिरतो, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, मग काडी ओढायची नाही. आठ जण आग झोडपायला निगडीचे टाळ, म्हणजे पानांच्या फांद्या, घेऊन उभे होते, मागे पाठीवरचे चार फवारणी पंप. कुठे काही झालं नाही.

एकूण पूर्ण १,७०० मीटर, कातळ धरून. राहिलेलं तेच १४०.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पूर्वेचा कोरडा वारा दुपारी दोनपर्यंत हटला नाही. असं झालं की समुद्राचा वारा अडून राहतो आणि किनाऱ्यावर असूनही घाटावरच्यासारखं तापतं. सुपारीएवढा झालेला आंबा गळतोय. आज झाडाखालून दोन घमेली फळ उचललं.

१ मार्च, शनिवार

कालच हवामान खात्याने सांगितलं, देशाच्या सरासरी तापमानात १९०१ पासूनचा हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनअग्नी पोर्टलवर मोबाइल नंबर नोंदवला. उपग्रहाला आग दिसली की मेसेज येतो.

५ मार्च, बुधवार

सड्याच्या पश्चिम उतारावर, शेजारच्या गावाच्या हद्दीत, धूर. भाजावळ चाललीय, म्हणजे दाढी, भाताची रोपं पेरायची जागा, भाजून घेणं. कवळ (तोडलेल्या डहाळ्या), शेण, पातेरा, वर मातीचा थर. तरवा (भाताची रोपं) चांगला व्हायचा तर हे करावंच लागतं, माझे सासरेही करायचे. तिथल्या दोघा-तिघांना भेटून आलो आणि विनंती केली, पेटवायच्या आदल्या दिवशी फोन करा, आम्ही पंप घेऊन येतो. सगळ्यांनी हो म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

रात्रीचा दीड वाजलाय. घर आहे. गोठा नाही. माणसं सगळी आहेत. जसं आठवतं तसं आत्ताच लिहून ठेवते.

पाऊणच्या सुमाराला ढोल ऐकू आला. शिमगा दोन दिवसांवर, पोरं रोजच वाजवतात, म्हणून कुणी मान वर केली नाही. मग लक्षात आलं की ताल नाही. नुसतं धडधड, धडधड, न थांबता. देवळाकडून कुणीतरी ओरडत आलं, "वणवो इलो! सड्यार वणवो इलो!"

नंतर कळलं ते इथेच लिहिते. पश्चिम उतारावर रविवारी भाजलेल्या दाढीशेजारी ऐनाचं एक जुनं खोड होतं. आग विझवली होती, पाणीही मारलं होतं. खोडाच्या पोटात ती दोन दिवस धुमसत राहिली आणि आज दुपारी वाऱ्याने गवतात आली. पाठीला खारा वारा आणि समोर चढ. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते पेटण्याआधीच वाळून तयार होतं. तासाभराची चढण तिने किती वेळात काढली ते मी मोजलं नाही, पण मी पाखाडीने, पायऱ्यांच्या वाटेने, सड्यावर पोचेपर्यंत उत्तरेची निम्मी बाजू काळी होती.

आणि तिथे पट्टा टिकला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्वाळा पट्ट्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, खाली बसल्या, गेल्या. कुसळं उडून अलीकडे पडत होती, ती दीर आणि चाकरमानी पोरं झोडपत होती. चिरेखाणीपासून देवाच्या कातळापर्यंत एक काडी अलीकडे पेटली नाही. दोन वाजता आम्हाला वाटलं, सुटलो.

रानमोडीचा आवाज वेगळा असतो. गवत सरसरतं. रानमोडी तडतडते, फटाक्यांच्या माळेसारखी. सव्वादोनला तो आवाज दक्षिणेकडून आला आणि आम्ही सगळे एकदम वळलो. त्या १४० मीटरमधून आग खाली उतरली होती. तिथून पहिली आमची काजूबाग, तिच्याखाली पाणंद, पाणंदीला लागून नऊ घरं.

बागेत पेटलेल्या काजूचं काय होतं ते आयुष्यात पहिल्यांदा जवळून पाहिलं. झाडावर पिकायला आलेलं बी होतं. टरफलात तेल असतं. बी तापली की फुटते, जळत उडते आणि पडते तिथे नवी आग. एक बी माझ्या पायाशी पडली, चुरचुरत, निळसर ज्योत, आणि बघता बघता पातेरा धरला. धुरात भाजलेल्या काजूचा वास होता, लहानपणी चुलीपुढे बसून ज्याची वाट बघायचो तोच. मला भडभडून आलं. पण थांबायला वेळ नव्हता.

बंबाला फोन पावणेएकलाच गेला होता. वनखात्याच्या १९२६ वरही केला होता. बंब तीननंतर आला आणि पाणंदीच्या तोंडाशी थांबला, कारण पाणंद सात फुटांची. त्यात त्या माणसांचा दोष नाही. खरं पाणी मिळालं ते आंबा फवारायच्या एचटीपी पंपांतून. तीन बागायतदारांनी पिकअपवर ड्रम चढवून आणले, तीनशे फुटांच्या नळ्या जोडल्या आणि घरांच्या मागची बाजू, मांडव, लाकडांची रचण, सगळं भिजवत राहिले. बायकांनी विहिरीवर दोन रहाट आणि मोटर एकदम चालू ठेवली. गोणपाटं भिजवून देत होतो. भिजलेलं गोणपाट दोन मिनिटांत कोरडं व्हायचं.

वरच्या घरची काकी निघेना. वय अठ्ठ्याहत्तर. तिला उचलायला पोरं गेली तर ती गोठ्याच्या दारात उभी. "आधी माझी गुरां सोडा, मगे माका सांगा." दावी सोडायला कुणाचे हात चालेनात, गाठी घट्ट बसल्या होत्या, गुरं हिसके देत होती. शेवटी तिने स्वतःच कमरेचा कोयता काढून तिन्ही दावी कापली. गाई पाणंदीने खाली धावल्या आणि वासरू उलटं, आगीकडे. काकी त्याच्या मागे. माझ्या नवऱ्याने तिला मध्येच धरलं आणि वासरू एका पोराने शेपटीला धरून आणलं. तेव्हा ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता न्या." दहा मिनिटांनी गोठ्याच्या कौलांखालचे वासे पेटले.

शेजारच्या गावचा ज्याच्या दाढीतून हे आलं, तो दोन मुलांना घेऊन तीनच्या आधीच आमच्याकडे पोचला होता. कुणाशी बोलला नाही. सहा तास टाळ मारत होता. दोन्ही तळवे सोलून निघालेत. त्याचं नाव या वहीत लिहीत नाही.

साडेसहाला वारा पडू लागला. वनरक्षक म्हणाले, आता पाणंदीवरून आपणच पेटवायचं. वरून येणारी आग आणि पाणंद यांच्यामध्ये चाळीसेक मीटर पातेरा होता. तो आपण होऊन जाळला तर वरच्या आगीला खाली यायला काही उरत नाही. स्वतःच्या घराच्या मागे स्वतःच्या हाताने आग लावायची, आणि त्या पट्ट्यात आमची चौदा झाडं. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. काडी त्यानेच लावली. दोन आगी एकमेकींकडे सरकत गेल्या, भेटल्या, माडाएवढ्या उंच झाल्या, आणि मग एकदम काहीच नाही. नुसती धग आणि काळोख.

उपग्रहाचा मेसेज संध्याकाळी आला होता. आत्ता पाहिला.

१२ मार्च, बुधवार

पाळ्या लावल्या. चार चार जण, तीन तीन तास. खोडं आणि शेणी फोडून पाणी घालणं हेच काम. कालचा धडा तोच. एक आंब्याचं पोकळ खोड बाहेरून गार होतं, आत हात घालवेना.

एका मुलाच्या पायाला भाजलंय, ग्रामीण रुग्णालयातून पट्टी करून आणलं. बाकी खरचटणं. सड्यावर एक कासव मिळालं, कवचात राख भरलेलं, मेलेलं. टिटव्या दिवसभर ओरडत होत्या.

१३ मार्च, गुरुवार

होळी. आमच्याकडे देवळासमोर आंब्याचं झाड उभं करतात, बुंध्याशी गवताची काडी लावतात, एवढंच. यंदा ती काडी लावायची का, यावर सकाळी मानकऱ्यांत बोलणं झालं. लावली, पण भोवती पाण्याचे हंडे ठेवून.

गाऱ्हाण्यात गावकाराने नेहमीचं सगळं म्हटलं, पोराबाळांचं, गुरावासरांचं, मुंबैत पोटापाण्याला गेलेल्यांचं. मग थांबला. जरा वेळाने म्हणाला, "जो वणवो इलो, तो परत येव नको दी रे म्हाराजा. आणि ज्येच्या हातान झाला, त्येका पण सांभाळ रे म्हाराजा." दोनशे माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणाली. शेजारच्या गावची ती तिघं मागे, तुळशीच्या कट्ट्याजवळ उभी होती.

१७ मार्च, सोमवार

तलाठ्यांनी पंचनामा केला. काजू २१२ झाडं होरपळलेली, आंबा ३७, गोठा एक, पेंढ्याची उडवी एक, पाण्याचे काळे पाईप अंदाजे ६०० मीटर वितळलेले. आमचे ५८ काजू, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचे. सासऱ्यांनी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन प्रत्येक खड्डा भरला होता.

फळपीक विम्याचं विचारलं. तो हवामानावर आधारित, म्हणजे अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वारा, गारपीट. वणवा त्यात नाही. कोकणात दर उन्हाळ्याला काजू जळतो आणि विम्याच्या कागदावर त्या नुकसानीला जागा नाही. हे बदललं पाहिजे. ग्रामसभेत ठराव मांडणार.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

प्रसादाला जमलो तेव्हा तो १४० मीटरचा विषय पुन्हा काढला. यावेळी भांडण झालं नाही. सत्तावीस नावांची यादी केली आणि प्रत्येक नावापुढे कोण बोलणार ते लिहिलं. मागायचं एवढंच: दर वर्षी १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात वीस फूट रुंद पट्टा साफ करायला हरकत नाही, आणि त्यामुळे जमिनीवर आमचा कुणाचाही हक्क लागत नाही. हे दुसरं वाक्य पोलीस पाटलांनी घातलं. नऊ फेब्रुवारीला आम्हाला तेच सुचायला हवं होतं. आम्ही फोनवर परवानगी मागत होतो, समोरच्याला मात्र जमीन जाईल ही भीती होती.

मी विरारच्या एका आजींना फोन लावला. त्या माहेरच्या हिश्श्याने सातबाऱ्यावर. चाळीस वर्षांत गावात आल्या नाहीत. आगीचं सांगितलं तर म्हणाल्या, "तिथे वर एक रायवळ आंब्याचं झाड होतं, त्याच्याखाली आम्ही भावंडं खेळायचो. ते आहे का?" मी खरं ते सांगितलं. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कागद पाठवून दे, सही करते.

१२ एप्रिल, शनिवार

जळलेल्या झाडांची तपासणी. चाकूने साल खरवडायची, आत हिरवट ओल दिसली तर झाड जिवंत. आमच्या ५८ पैकी २३ हिरवी. पश्चिमेच्या अंगाची साल बहुतेकांची गेलीय, पूर्वेची शाबूत. मेलेल्या फांद्या कापून तोंडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली. पाडायची घाई करू नका, एक पाऊस जाऊ द्या, असा सल्ला मिळाला. तो मानतोय.

सह्या अकरा.

२७ एप्रिल, रविवार

काकीचा गोठा उभा राहिला. चिरे बंद खाणीतले जुने, वासे शेजारच्या गावातून आले. कुणाकडून ते सगळ्यांना माहीत आहे. काकीने त्याला चहा दिला आणि पाटावर बसवला.

२५ मे, रविवार

पाच दिवस पाऊस लागून आहे. काल मोसमी पाऊस केरळात पोचल्याचं हवामान खात्याने सांगितलं, आणि आज त्याची सीमारेषा देवगडपर्यंत आली. एवढ्या लवकर आलेला मला आठवत नाही. हंगाम कागदावर १५ जूनपर्यंत, पण रात्रपाळी आजपासून बंद.

व्हाळ काळा वाहतोय. जळलेल्या उतारावरची माती सुटू नये म्हणून मेलेल्या फांद्या आडव्या टाकून दगडांनी दाबल्या होत्या. दोन ठिकाणी वाहून गेल्या, पाऊस उघडला की पुन्हा करायच्या. काढून टाकायच्या यादीतल्या सहा काजूंना बुंध्यातून फूट आलीय, तांबूस, बोटाएवढी. यादीतून ती सहा खोडली. २९ झाली.

सह्या एकोणीस. उरलेल्या आठांपैकी तिघांचे नंबर मिळालेत, दोघे गणपतीला येतात असं कळलं. वारसांचं एक प्रकरण तलाठ्यांकडे दिलंय. ग्रासकटरची दोन पाती, पेट्रोल, टेप यांचा खर्च जाऊन वर्गणीतले शिल्लक ३,४५० रुपये. पुढची मोजणी नोव्हेंबरात, गवत उभं असतानाच.